मालाआधी नमुना : व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाची ओळख

जर्मन भाषेत व्यापारी प्रदर्शनाला 'मेसे' म्हणतात. हा शब्द चर्चमधल्या 'मास' या प्रार्थनाविधीवरून आला. संताच्या सणाला लोक प्रार्थनेसाठी जमत, प्रार्थना आटोपली की बाहेरच्या मोकळ्या जागेत बाजार भरे, आणि पुढे त्या बाजारालाच प्रार्थनेचे नाव पडले. मराठीत यात्रेची जत्रा झाली ती याच वाटेने. व्हिडिओ गेमचे जगातले एक सर्वांत मोठे प्रदर्शन आज जर्मनीतल्या कोलोन शहरात, 'क्योल्नमेसे' नावाच्या संकुलात, दरवर्षी ऑगस्टमध्ये भरते. त्याचे नाव गेम्सकॉम. पण त्याचे मूळ कोलोनचे नाही. ते पूर्वेकडच्या लाइपझिगमध्ये आहे, आणि प्रदर्शन म्हणजे नेमके काय हे समजून घ्यायला तिथपासूनच सुरुवात केलेली बरी.

लाइपझिगच्या बाजाराला १४९७ मध्ये सम्राट पहिला माक्सिमिलियन याने शाही बाजाराचा दर्जा दिला. पुढची जवळजवळ चारशे वर्षे व्यापारी तिथे सगळा माल बरोबर घेऊन येत. कातडी, कापड, पुस्तके गाड्यांत भरून आणायची, विकायची, उरलेली परत न्यायची. रेल्वे आली, कारखान्यांतून हुबेहूब सारख्या वस्तू हजारांनी निघू लागल्या, तेव्हा एवढा भार वाहण्यात अर्थ उरला नाही. १८९५ मध्ये लाइपझिगने पद्धत बदलली. व्यापाऱ्याने फक्त नमुना आणायचा, गिऱ्हाइकाने तो हाताळून मागणी नोंदवायची, माल मागाहून पोचता व्हायचा. या नमुना-प्रदर्शनाला जर्मनमध्ये 'मुस्टरमेसे' म्हणतात, आणि त्यातले दोन 'एम' एकावर एक रचून केलेले चिन्ह लाइपझिगच्या जुन्या प्रदर्शनस्थळाच्या वेशीवर आजही उभे आहे.

व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढे एक ध्यानात ठेवले तर तिथली निम्मी गुंतागुंत आपोआप सुटते. तिथे खेळायला मिळतो तो नमुना. बहुतेक वेळा ज्या गेमचा तो नमुना असतो, तो गेम अजून पुरा झालेला नसतो. माल नंतर येणार, कधी दोन आठवड्यांनी, कधी दोन वर्षांनी, आणि क्वचित येणारही नाही. रांगा, वयाचे पट्टे, बंद खोल्या, स्टॉलवर उभ्या माणसांची धडपड, हे सगळे या अपुऱ्या नमुन्याभोवती फिरते.

या व्यवसायाला स्वतःचे प्रदर्शन मिळायला वेळ लागला. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गेम कंपन्यांना टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि टेलिफोन यांच्या सोबतीने लास व्हेगास आणि शिकागो इथल्या घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात जागा मागावी लागे. ती मिळेही, पण कडेची. सेगा कंपनीच्या अमेरिकी शाखेचे तेव्हाचे प्रमुख टॉम कालिंस्की यांनी पुढे सांगितले आहे की १९९१ मध्ये त्यांच्या कंपनीला मुख्य इमारतीबाहेरच्या तंबूत बसवले होते, पाऊस आला आणि गळके पाणी थेट मांडलेल्या यंत्रांवर पडले. पुढच्या वर्षी परत यायचे नाही, असे त्यांनी तिथेच ठरवले. या नाराजीतून आणि उद्योगाने स्वतःची संघटना उभी केल्यानंतर ११ ते १३ मे १९९५ या दिवसांत लॉस एंजेलिसमध्ये पहिला 'इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो' भरला. जग त्याला ई-थ्री म्हणून ओळखू लागले.

त्या पहिल्याच वर्षीचा प्रसंग या क्षेत्रात अजून सांगितला जातो. कालिंस्की यांनी जाहीर केले की सेगाचा नवा कन्सोल, सॅटर्न, ३९९ डॉलरला असून तो काही निवडक दुकानांत पोचलासुद्धा आहे. नंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, '२९९' एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सोनीचा प्लेस्टेशन त्या सप्टेंबरमध्ये विक्रीला आला आणि त्याने सॅटर्नला मागे टाकले. ज्या दुकानांना सॅटर्नचा माल मिळाला नव्हता ती सेगावर रुसली, हे निराळेच. या प्रसंगातले श्रोते कोण होते हे इथे जास्त महत्त्वाचे आहे. ते होते दुकानदार, घाऊक खरेदीदार आणि पत्रकार. खेळणाऱ्या सामान्य माणसाला ई-थ्रीचे दार बंद होते.

ते दार जवळजवळ बावीस वर्षे बंद राहिले, आणि मधल्या काळात बाहेरचे जग बदलले. गेम दुकानातल्या फळीवरून इंटरनेटवर गेला. निन्टेन्डोने २०११ मध्ये 'निन्टेन्डो डायरेक्ट' हे स्वतःचे ध्वनिचित्र-निवेदन सुरू केले, आणि घोषणा करायला मंच, भाड्याचे सभागृह, विमानाने आणलेले पत्रकार यांची गरज नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आले. २०१७ मध्ये ई-थ्रीने पहिल्यांदा सर्वसामान्यांसाठी १५,००० तिकिटे काढली, पण सभागृहांची रचना, स्टॉलची मांडणी, सगळे व्यापाऱ्यांच्या सोयीचेच होते. सोनी २०१९ मध्ये आलीच नाही. कोविडच्या साथीच्या वर्षांनी उरलेसुरले बळ घेतले, आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी ई-थ्री कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. दुकानदार हाच ज्याचा पाहुणा होता, ते प्रदर्शन दुकानांचे महत्त्व ओसरताच निराधार झाले. त्याच्या अंताची इतर कारणे सांगितली जातात आणि तीही खरी आहेत, पण मुळाशी हेच आहे.

लाइपझिगने २००२ मध्ये 'गेम्स कन्व्हेन्शन' सुरू केले तेव्हा दार पहिल्या दिवसापासून उघडे ठेवले. पहिल्या वर्षी सुमारे ८०,००० लोक आले आणि २००८ पर्यंत हा आकडा दोन लाखांच्या वर गेला. लाइपझिगला तो पेलवेना, आणि जर्मन गेम उद्योगाच्या संघटनेने २००९ पासून प्रदर्शन ऱ्हाईनकाठच्या कोलोनला नेले. लाइपझिगकरांना हे फार लागले. साथीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे गेम्सकॉम फक्त पडद्यावर झाले. २०२२ मध्ये ते प्रत्यक्षात परतले तेव्हा २,६५,००० लोक आले, २०२३ मध्ये ३,२०,०००, २०२४ मध्ये ३,३५,००० आणि २०२५ मध्ये ३,५७,०००. ई-थ्री मावळत असतानाच हे चढत गेले. घोषणा घरबसल्या दिसतात, तरी एवढी माणसे प्रवास करून येतात, म्हणजे तारेतून पाठवता न येणारे काहीतरी तिथे आहे.

कोलोनच्या मुख्य रेल्वे स्थानकाला लागूनच ते प्रसिद्ध काळवंडलेले कॅथेड्रल आहे. तिथून होहेन्झोलर्न पूल ओलांडला की पलीकडच्या काठावर डॉइट्झ भाग आणि प्रदर्शनाचे संकुल. पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी अडकवलेली हजारो कुलुपे आहेत. ऑगस्टमधल्या त्या आठवड्यात सकाळी या पुलावरून पुठ्ठ्याच्या तलवारी, रंगीत केसांचे टोप आणि पाठीवरचे पंख सांभाळत जाणाऱ्यांचा ओघ लागलेला असतो. गाडीने येणाऱ्यांसाठी संकुलाच्या दारातच स्वतंत्र स्थानक आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पूल पायी ओलांडावा. आपण कोणत्या गर्दीचा भाग होणार आहोत हे त्या पंधरा-वीस मिनिटांत कळते.

प्रदर्शनाची जागा सुमारे २,३०,००० चौरस मीटर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कासारखी दोन मैदाने, पण छताखाली आणि अकरा दालनांत वाटलेली. काही दालने दुमजली आहेत. मोठ्या कंपन्यांचे स्टॉल एका बाजूच्या सलग दालनांत असतात, बाहुल्या, शर्ट, पोस्टर यांची विक्री वेगळ्या दालनात, आणि लहान स्टुडिओ, जुनी यंत्रे व मुलांचा विभाग आणखी वेगळीकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला भर गर्दीत जाणे हे काही मिनिटांचे काम नव्हे. ज्याने सकाळी नकाशा पाहून दोनच दालने निवडली त्याचा दिवस चांगला जातो. सगळे पाहायचे ठरवून जो निघतो तो संध्याकाळपर्यंत फक्त चालतो. पायांत नवे बूट नकोत, पाण्याची बाटली हवी. इतक्या साध्या गोष्टी इथे सांगाव्या लागतात, कारण दुपारी तीननंतर भिंतींना टेकून बसलेले जे लोक दिसतात त्यांतल्या बहुतेकांचे याच दोन बाबतींत चुकलेले असते.

आठवड्याला एक ठरलेली लय आहे. मंगळवारी संध्याकाळी 'ओपनिंग नाइट लाइव्ह' हा उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम होतो. २०१९ पासून त्याचे सूत्रसंचालन जेफ कीली करतात आणि नव्या गेमच्या चित्रफिती तिथे पहिल्यांदा दाखवल्या जातात. बुधवार मुख्यतः पत्रकारांचा आणि व्यवसायातल्या लोकांचा. गुरुवारपासून रविवारपर्यंत सर्वांना प्रवेश. शनिवारी गर्दीचा कळस होतो. तिकिटे आधीच ऑनलाइन घ्यावी लागतात आणि शनिवारची सर्वांत लवकर संपतात. निवड करता येत असेल तर नवख्याने गुरुवार घ्यावा.

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे मनगटावर वयाचा पट्टा बांधून घेणे. बारा वर्षांवरील मुलांना हिरवा, सोळावरच्यांना निळा, अठरावरच्यांना लाल. त्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागते. परदेशातून आलेल्याला पासपोर्ट बरोबर असलेला बरा. हा पट्टा नसेल तर वयाने पस्तिशीतल्या माणसालाही रांगेच्या तोंडाशी अडवतात. यामागे जर्मनीचा कायदा आहे. तिथे 'यूएसके' ही संस्था प्रत्येक गेमला ०, ६, १२, १६ किंवा १८ अशी वयाची श्रेणी देते. २००२ मध्ये एर्फुर्ट शहरातल्या एका शाळेत माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून सोळा जणांचा जीव घेतला, देशभर हिंसक गेमवर वादळ उठले, आणि १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या बालसंरक्षण कायद्याने या श्रेणी दुकानदारांवर बंधनकारक केल्या. म्हणून अठरा वर्षांवरच्यांचा गेम मोकळ्या स्टॉलवर दिसत नाही. त्याच्याभोवती छतापर्यंत भिंती असतात, दारावर पट्टे तपासणारा माणूस असतो, आणि बाहेरून जाणाऱ्या मुलाला आतला पडदा दिसणार नाही अशी वळणे दिलेली असतात.

यूएसकेच्या याच तपासणीशी निगडित एक घटना २०१८ ची आहे. जर्मन दंडसंहितेनुसार स्वस्तिकासारखी नाझी चिन्हे सार्वजनिक ठिकाणी दाखवणे गुन्हा आहे. कला, संशोधन, शिक्षण यांना सूट असते. चित्रपटांना ती मिळत आली होती, गेमना मिळत नव्हती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धावरच्या गेमच्या जर्मन आवृत्तीत इतिहासच खोडलेला असे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये यूएसकेने प्रत्येक गेमचा संदर्भ पाहून निर्णय द्यायचे ठरवले, आणि त्याच महिन्यात गेम्सकॉममध्ये 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स' हा बर्लिनच्या एका लहान स्टुडिओचा गेम ही चिन्हे जशीच्या तशी ठेवून मांडला गेला. नाझी राजवटीत बर्लिनमध्ये गुप्तपणे प्रतिकार करणाऱ्या सामान्य माणसांचा हा गेम. गेम हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि तिला चित्रपटाइतकाच मान हवा, हे म्हणणे वर्षानुवर्षे चर्चासत्रांतून मांडले जात होते. कोलोनच्या त्या छोट्या स्टॉलवर ते पहिल्यांदा कायद्याने मान्य झालेले दिसले. आदल्या वर्षी चॅन्सेलर अँजेला मेर्केल स्वतः या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आल्या होत्या. 'मारधाडीचे खेळ' म्हणून ज्यांची हेटाळणी होत होती त्यांच्याकडे देश कसा पाहू लागला होता, हे या दोन वर्षांत दिसते.

आता रांगेविषयी. रांग हा या प्रदर्शनातला सर्वांत मोठा अनुभव आहे आणि तो टाळता येत नाही. त्याचे गणित साधे आहे. समजा एका लोकप्रिय गेमच्या स्टॉलवर चाळीस यंत्रे आहेत आणि प्रत्येकाला वीस मिनिटे मिळतात. तासाला एकशेवीस जण खेळतील, दहा तासांत बाराशे. त्या दिवशी प्रदर्शनात मात्र सत्तर हजार लोक असतात. तेव्हा तीन-चार तास उभे राहणे ओघाने आलेच. रांगेत जागोजाग 'इथून दोन तास' असे फलक असतात. अनुभवी माणसे घडीचे स्टूल आणतात. काही स्टॉल पुठ्ठ्याची घडीची स्टुले फुकट वाटतात आणि तीच दिवसभरातली सर्वांत उपयोगी भेट ठरते. २०२३ मध्ये 'ब्लॅक मिथ: वुकाँग' या चिनी गेमसाठी लोक असेच तासन्‌तास उभे होते. गेम बाजारात आला तो पुढच्या वर्षी, २० ऑगस्ट २०२४ रोजी. २०२५ मध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' खेळायला ठेवला होता, ज्याची घोषणा २०१९ मध्ये झाली होती. साडेसहा वर्षे वाट पाहिलेल्यांना आणखी काही तासांचे काहीच वाटले नाही. प्रदर्शन चालू असतानाच त्याची तारीख जाहीर झाली, आणि दोन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, तो सगळ्यांच्या हाती पडला.

एक मोठी रांग पहिल्या भेटीत अवश्य धरावी. शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलणे तिथेच सुरू होते, आणि एकाच गोष्टीसाठी आतुर झालेल्या माणसांत उभे राहण्याचा आनंद खरा असतो. दोन रांगा धरणे मात्र दिवस घालवणे आहे.

रांगेच्या शेवटी जे मिळते त्याला डेमो म्हणतात. तो बहुधा गेमचा आरंभ नसतो. गेममधला एक तुकडा उचलून, त्याला स्वतंत्र तोंड आणि शेवट देऊन, पंधरा-वीस मिनिटांत संपेल असा तो शिवलेला असतो. बाकीचा गेम अजून ठोकळ्यांच्या रूपात असताना या एका तुकड्यावर महिनोन्‌महिने रंग, आवाज, प्रकाश यांचा हात फिरवला जातो. शत्रू सोपे केलेले असतात, मध्येच गेम बंद पडू नये म्हणून धोक्याच्या वाटा भिंती घालून बुजवलेल्या असतात, आणि वेळ संपली की यंत्र आपोआप मूळपदावर येते. म्हणून डेमोवरून पुऱ्या गेमची परीक्षा करणे फसवे असते. २०१२ मध्ये ई-थ्रीत 'वॉच डॉग्ज'चा जो तुकडा दाखवला होता त्याची चकाकी २०१४ मध्ये विकत मिळालेल्या गेममध्ये नाही, अशी तक्रार खेळणाऱ्यांनी जगभर केली. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, सोनीने 'किलझोन'ची जी चित्रफीत गाजवली ती प्रत्यक्ष गेममधली नव्हती, आधी तयार करून ठेवलेली होती. हे जाणून घेतले म्हणजे डेमोचा आनंद कमी होत नाही. नमुना हा नमुना म्हणून पाहता येतो, इतकेच.

मोठ्या स्टॉलवर खेळवून घेणारी माणसे बहुधा त्या आठवड्यापुरती नेमलेली असतात. त्यांना कंट्रोलर कसा धरायचा हे माहीत असते, गेम असा का आहे हे माहीत नसते. लहान स्टुडिओंच्या दालनात चित्र वेगळे असते, आणि पहिल्या भेटीचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जायला हवा. काही जर्मन स्वतंत्र स्टुडिओंनी २०१३ मध्ये खर्च वाटून घेऊन एक सामाईक स्टॉल उभा केला आणि त्याला 'इंडी अरेना बूथ' असे नाव दिले. आज तो एखाद्या छोट्या गावाएवढा पसरला आहे. एक टेबल, एक पडदा, दोन हेडफोन, मागे कापडी फलक, आणि बाजूला उभा असलेला माणूस म्हणजे तो गेम बनवणाराच. कधी ती चार जणांची मंडळी असते, कधी एकटीच व्यक्ती, जिने नोकरी सांभाळून रात्री जागून तीन वर्षे हे काम केले आहे.

त्या माणसाचे डोळे खेळणाऱ्याच्या हातांवर असतात. खेळणारा अंधाऱ्या खोलीत फिरतो, कोपऱ्यातला जिना त्याला दिसत नाही, तो तीनदा त्याच भिंतीवर आदळतो. बनवणाऱ्याच्या ओठांवर उत्तर असते, पण चांगला बनवणारा ते गिळतो, कारण गेम घरी पोचेल तेव्हा सांगायला कोणी शेजारी नसेल. तो वहीत एक रेघ ओढतो. सकाळपासून बारा माणसे त्याच जिन्यापाशी अडली असतील तर दोष माणसांचा नाही. रात्री हॉटेलच्या खोलीत तो जिन्यावर एक दिवा टांगतो, आणि दुसऱ्या दिवशीचे लोक सरळ वर चढतात. वर्षभर चार मित्रांकडून जे कळत नाही ते चार दिवसांत शेकडो अनोळखी हातांकडून कळते. तारेतून पाठवता येत नाही ते हेच. प्रदर्शनाला येणारा इथे गिऱ्हाईक उरत नाही, त्या गेमच्या घडणीत त्याचा हात लागतो, भले तो फक्त चुकीच्या भिंतीवर आदळण्यापुरता असो. नवख्याने कुठे कंटाळा आला, कुठे कळले नाही, हे खेळून झाल्यावर मोकळेपणाने सांगावे. नुसते 'छान आहे' म्हणून निघून जाणे बनवणाऱ्याच्या फारसे कामाचे नसते. त्याची विनंती बहुधा एकच असते, की स्टीम या ऑनलाइन दुकानावर गेम विशलिस्टमध्ये टाकावा. या याद्यांच्या लांबीवरून पुढे दुकान गेमला किती समोर ठेवील हे बऱ्याच अंशी ठरते, तेव्हा ही विनंती मनावर घ्यावी.

जुन्या यंत्रांचा विभाग घाईत निसटतो, तसे होऊ देऊ नये. संग्राहक आणि संग्रहालये आपापले अटारी, कमोडोर, अमिगा घेऊन येतात आणि ते काचेआड न ठेवता खेळायला देतात. काचेच्या जुन्या टीव्हीसमोर बाप मुलाला जॉयस्टिक शिकवताना तिथे हमखास दिसतो. पात्रांची वेशभूषा करून येणारे, म्हणजे कॉस्प्ले करणारे, यांच्यासाठीही स्वतंत्र जागा असते. महिनोन्‌महिने खपून शिवलेला, कोरलेला, रंगवलेला पोशाख पाहताना एक शिष्टाचार पाळायचा असतो: आधी विचारावे, मग फोटो घ्यावा, आणि पोशाखाला हात लावू नये. खऱ्यासारखी दिसणारी शस्त्रे २०१६ पासून दारातच अडवली जातात. त्या उन्हाळ्यात जर्मनीत झालेल्या हल्ल्यांनंतर तपासणी कडक झाली.

व्यवसायाच्या दालनांत सामान्य तिकिटावर जाता येत नाही, पण ती काय आहेत हे माहीत असावे, कारण बाहेरच्या झगमगाटाचा बराचसा खर्च तिथल्या कामावर चालतो. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत टेबल आणि चार खुर्च्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या आधी ठरवलेल्या भेटी. प्रकाशक नवे गेम शोधत असतात, स्टुडिओ पैसा शोधत असतात, आणि गेममधली चित्रे, हालचाली, चाचणी अशी कामे देणारे आणि घेणारे एकमेकांना भेटतात. महाराष्ट्राचा या व्यवहाराशी जुना संबंध आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे आणि मुंबईतला २०१८ पासून. जगभर विकल्या जाणाऱ्या गेममध्ये पुण्या-मुंबईच्या चित्रकारांचे आणि प्रोग्रामरांचे काम कित्येक वर्षे मिसळलेले आहे, पण गेमवर नाव दुसऱ्याचे असे. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गोष्टीने उभे राहायची उमेद २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'ने दाखवली. पुराणकथांतल्या देवदैत्यांच्या जगात भावाला शोधत निघालेल्या मुलीचा हा गेम त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकित झाला.

कोलोनखेरीज इतर प्रदर्शनांच्या रीती थोड्या वेगळ्या आहेत. टोकियो गेम शो १९९६ पासून भरतो. सध्या तो शेजारच्या चिबा प्रांतातल्या माकुहारी मेसेत सप्टेंबरमध्ये असतो, पहिले दोन दिवस व्यवसायाचे आणि पुढचे सर्वांचे. तिथे बऱ्याच स्टॉलवर सकाळीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्या संपल्या की दिवसभर उभे राहूनही खेळायला मिळत नाही, म्हणून टोकियोत सकाळचा पहिला तास सर्वांत मोलाचा. अमेरिकेतला पॅक्स २००४ मध्ये दोन चित्रकथाकारांच्या वाचकांचा मेळावा म्हणून सिअॅटलजवळ सुरू झाला आणि तो आजही मेळाव्याच्याच वळणाचा आहे. तिथे लोक टेबलाभोवती बसून पत्त्यांचे आणि सोंगट्यांचे खेळही खेळतात. भारतात गेम बनवणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद काही वर्षे पुण्यात भरत असे, पुढे ती हैदराबादला गेली. तिचा भर खेळण्यापेक्षा शिकण्यावर आहे.

रविवारी संध्याकाळी कोलोनची दालने बंद होतात. शेवटचे प्रेक्षक बाहेर पडत असतानाच मोठ्या स्टॉलचे सांगाडे उतरायला लागतात, गालिचे गुंडाळले जातात, आणि मधल्या रस्त्यांवर मालवाहू गाड्या शिरतात. पुढच्या प्रदर्शनासाठी दालने मोकळी करायची असतात. लहान स्टुडिओंच्या भागात काम लवकर आटोपते: पडदा खोक्यात, फलकाची गुंडाळी, संगणक पाठीवर. वही मात्र हातातच असते, कारण परतीच्या गाडीत ती उघडून पहिल्या पानापासून वाचायची असते.